काम कोणाचे?

कारखान्यात नवी यंत्रे बसवली आणि उत्पादन मात्र अपेक्षेइतके वाढले नाही, की व्यवस्थापक बहुधा एकाच निष्कर्षाला येतात : कामगारांचे कामात लक्ष नाही. मग भिंतींवर सुवचने लागतात, भाषणे होतात, बक्षिसे जाहीर होतात. आस्थेचा अभाव हा माणसाच्या स्वभावाचा दोष होय, असे मानण्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे, की कामाची मांडणीच सदोष असू शकेल हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. या दृष्टीने अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये १९५३ साली झालेला एक प्रयोग बारकाईने पाहण्यासारखा आहे.

साराभाई कुटुंबाच्या या गिरणीने १९५२ मध्ये एका विणकाम-विभागात स्वयंचलित माग बसवले होते. मुंबईच्या गिरणगावात अशा विभागाला साचाखाते म्हणत. यंत्रे उत्तम होती, कामगार अनुभवी होते, आणि प्रत्येकाने किती काम करावे हे अभियंत्यांनी घड्याळ लावून ठरवून दिले होते. तरीही कापडाचे उत्पादन आणि त्याचा दर्जा ही दोन्ही जुन्या मागांपेक्षा सरस ठरेनात. तेव्हा लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतील ए. के. राइस यांना सल्ल्यासाठी पाचारण करण्यात आले.

राइस यांनी यंत्रांकडे पाहण्याऐवजी माणसांची मोजदाद केली. २२४ मागांवर २९ माणसे होती आणि त्यांच्यात १२ प्रकारची कामे वाटलेली होती. विणकराने तुटलेला धागा जोडून माग पुन्हा सुरू करावयाचा. बाण्याच्या सुताच्या कांड्या मागाच्या बॅटरीत भरण्यास निराळा माणूस. एकाच वेळी पुष्कळ धागे तुटले तर ते सावरणारा तिसरा. ताण्याचा रूळ संपला की नवा चढवणारे वेगळे, बिघाड दुरुस्त करणारा जॉबर वेगळा. तेल घालणारा, झाडणारा, तयार कापड उचलून नेणारा, हे सर्व पुन्हा स्वतंत्र.

यात वावगे ते काय, असे वाचकास वाटेल. श्रमविभाग तर सर्वत्रच असतो. परंतु एकाच्या वाट्याला किती माग यावेत, हे प्रत्येक कामासाठी स्वतंत्रपणे मोजण्यात आले होते. विणकराकडे २४ किंवा ३२ माग. बॅटरी भरणाऱ्याकडे ४० ते ५०. तुटलेले ताणे सावरणाऱ्याकडे सुमारे ७५. कागदावर हा हिशेब बिनचूक होता, पण त्यामुळे दोन निरनिराळी कामे करणाऱ्यांचे माग क्वचितच तेच असत. आठ विणकरांच्या दिमतीला पाच बॅटरी भरणारे! एखादा माग कांडीअभावी थांबला तर तो नेमक्या कोणाच्या दुर्लक्षामुळे, आणि विणकराने आधी कोणाला हाक मारावयाची? प्रत्येक जण आपापले काम चोख करीत असूनही कापड मात्र कोणाचेच नव्हते.

राइस यांची सूचना साधी होती. मागांचा एक गट करावा आणि तो माणसांच्या एका गटाकडे सोपवावा. ती मांडताच पर्यवेक्षकांनी आणि कामगारांनी ती जणू आपलीच असल्याप्रमाणे उचलून धरली, आणि कोणी कोणाबरोबर काम करावयाचे हेही कामगारांनीच आपसांत ठरवले. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्याला आपण निवडले त्याच्या अडचणीला धावून जाणे माणसाला जड जात नाही. सात जणांकडे ६४ माग देण्यात आले. कामांचे प्रकार आणि वेतनाच्या श्रेणी कमी करण्यात आल्या. एक जण दुसऱ्याचे काम शिकू लागला.

प्रारंभीचे काही दिवस घडी बसली नाही. सर्व जण उत्साहाने इकडून तिकडे धावत आणि कार्यक्षमता उलट घसरली. पुढे मात्र ती सुमारे ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांवर गेली, आणि सदोष कापडाचे प्रमाण ३२ टक्क्यांवरून २० टक्क्यांपर्यंत उतरले. हे आकडे वाचून हुरळून जाण्याचे कारण नाही. नव्या रचनेबरोबर वेतनाची पद्धतही बदलली होती. तेव्हा यश गटाचे किती आणि वाढीव मिळकतीचे किती, असा आक्षेप १९६९ मध्ये एका भारतीय अभ्यासकाने घेतला, आणि तो रास्त आहे. पोटाला पुरेसे न देता नुसत्या आपलेपणावर काम चालेल, असे कोणीही समजू नये.

गिरणीबाहेरही हीच परीक्षा घेता येईल. एखाद्या कचेरीत नागरिकाचा अर्ज सहा टेबलांवरून फिरतो. प्रत्येक कारकून आपला शेरा मारून तो पुढे सरकवतो आणि अर्जदाराला अखेर काय मिळाले हे सहांपैकी एकालाही कळत नाही. तेच सहा जण एका तालुक्याचे सर्व अर्ज आरंभापासून शेवटपर्यंत मिळून पाहू लागले, तर खर्च काहीच वाढणार नाही.

मात्र अशी रचना एकदा करून सोडून देता येत नाही. राइस यांचे सहकारी एरिक मिलर यांनी १९७० मध्ये त्या गिरणीची पुन्हा पाहणी केली. जुन्या, साध्या मागांच्या एका खात्यात सोळा वर्षांनंतरही गट जवळजवळ पूर्वीसारखाच नांदत होता. स्वयंचलित मागांवर मात्र गटपद्धतीचा फारसा मागमूस उरला नव्हता. तेथे कापडाचे प्रकार वाढले, कामाचा ताण वाढला, आणि अडचण येताच वरिष्ठ गटाला विचारण्याऐवजी थेट एकेका माणसाला हुकूम देऊ लागले. गट मोडण्याचा निर्णय कोणी घेतल्याचे दिसत नाही. रोजच्या घाईत तो विरत गेला.