कोपराखालचं बेलचं बटण

सिडकोतल्या आमच्या घरी रविवारी भाचेमंडळी जमली की लॅपटॉपवर मारधाडीचे गेम सुरू होतात. अपघातानंतर मी पहिल्यांदा त्यांच्यात बसलो, तेव्हा धाकटा म्हणाला, "मामा, तू राहू दे. आपली टीम हरेल." पोरगं खरं तेच बोललं, पण मनाला लागलं.

बीड बायपासवर मोटारसायकल घसरून मी उजव्या खांद्यावर आपटलो होतो. मानेतून निघणाऱ्या पाच नसांचं जाळं आपला हात चालवतं; त्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. पडताना खांदा खाली आणि मान उलट बाजूला ओढली गेली की हे जाळं ताणलं जातं, कधी तुटतंही. माझा खांदा आता हलतो, कोपराने टेबल दाबता येतं. बोटं मात्र हलत नाहीत.

अ‍ॅक्शन गेम दोन धडधाकट हात गृहीत धरतो. एका हाताची बोटं चालण्याच्या चार कळांवर, दुसरा हात माउसवर नेम धरायला, आणि पळणं, उडी, बंदूक भरणं त्याच वेळी. मी कागद घेऊन ही कामं वाटून टाकली. नेम आणि गोळी डाव्या हाताकडे. बंदूक भरणं माउसच्या बाजूच्या बटणाकडे. पुढे पळणं डाव्या पायाकडे. उडी उजव्या कोपराकडे. आडवं सरकणं सोडून दिलं. त्याऐवजी आधीच आडोसा धरायला शिकलो.

मग एक जुना यूएसबी गेमपॅड उघडला. बटण म्हणजे तरी काय? दाबलं की तांब्याच्या दोन पट्ट्या जोडल्या जातात. वाळूज एमआयडीसीत काम करणाऱ्या आतेभावाने त्या पट्ट्यांना बारीक वायरी सोल्डर केल्या आणि दुसऱ्या टोकाला दाराच्या बेलचं बटण लावलं. एक कोपराखाली, एक पायाखाली. कोपराचं बटण एका फळीवर बसवलं; ती सरकू नये म्हणून खालून सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवले. पायाच्या बटणाची स्प्रिंग कडक होती, पोटरी भरून यायची; ती बदलून मऊ बसवली. कोणत्या बटणाने कोणती कळ दाबली जावी, हे सॉफ्टवेअरमध्ये ठरवता येतं. 'दाबून धरा'ऐवजी 'एकदा दाबा, चालू. पुन्हा दाबा, बंद' ही सोयही बऱ्याच गेममध्ये असते.

हीच कल्पना मायक्रोसॉफ्टने 2018 साली बाजारात आणली. त्यांच्या अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलरवर दोन मोठी बटणं आहेत आणि मागे बाहेरची बटणं जोडायला 19 खाचा. 2020 सालच्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' या गेममध्ये अपंग खेळाडूंसाठी साठाहून अधिक सेटिंग आहेत. जन्मापासून सांधे आखडलेला अमेरिकेचा माइक बेगम तर साधा कंट्रोलर तोंडाने चालवून 'स्ट्रीट फायटर'च्या स्पर्धांत उतरायचा.

मला बोटं परत मिळाली नाहीत. पण रविवारी आता भाचेच माझी फळी टेबलावर मांडून देतात. तुमच्या घरात कुणाचा हात अधू असेल, तर "तुला जमणार नाही" म्हणण्याआधी त्याच्या शरीरात काय काय हलतं याची यादी करा, आणि अर्धा तास त्याच्याजवळ बसून गेमची सेटिंग उघडा.