स्वतःहून अडणारी तार

खेड्यात रोहित्रावरचा डीओ, म्हणजे ड्रॉप-आउट फ्यूज, उडाला की वायरमन येतो, नवी तार ओवतो आणि लांब दांड्याने डीओ परत चढवतो. तारेने जीव दिला, रोहित्र वाचलं. ही तार वितळण्याऐवजी नुसती अडली असती आणि थोड्या वेळाने पुन्हा पहिल्यासारखी झाली असती तर? जर्मनीतल्या एसेन शहरात, हेर्क्युलेस सबस्टेशनात, २०१४ साली अशीच तार असलेलं यंत्र बसलं. त्याचं नाव अतिवाहक फॉल्ट करंट लिमिटर.

शॉर्ट सर्किट झालं की करंट नेहमीच्या दहा-वीस पट उसळतो. तारांवर येणारा यांत्रिक ताण करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे करंट दहापट तर ताण शंभरपट. ब्रेकर आहेच, पण रिलेने हुकूम द्यायचा, संपर्क सुटायचे, ठिणगी विझायची, यात काही आवर्तनं निघून जातात. ५० हर्ट्झच्या जाळ्यात एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं, आणि पहिला, सगळ्यात मोठा तडाखा पहिल्या १० मिलिसेकंदांतच बसतो. तो रोहित्राने, बसबारने आणि केबलने मुकाट सोसायचा. मार्गात रिअॅक्टर, म्हणजे करंटला अडवणारं वेटोळं, घातला तर तडाखा कमी होतो, पण तो बारा महिने तेरा काळ व्होल्टेज खात बसतो.

अतिवाहक तसं काही खात नाही. हाइके कामरलिंग ओनेस यांनी १९११ साली लायडनमध्ये पारा उणे २६९ अंशांपर्यंत थंड केला, तेव्हा त्याचा विद्युत रोध नाहीसा झाला. मात्र इतक्या थंडीसाठी द्रव हेलियम लागतं आणि ते महाग. १९८६ साली बेडनॉर्झ आणि म्युलर यांना ऑक्साइडांमध्ये त्याहून बऱ्याच जास्त तापमानाला अतिवाहकता सापडली. पुढच्याच वर्षी इट्रियम, बेरियम आणि तांब्याचं असं ऑक्साइड हाती आलं, की ज्याला उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन पुरतो. हवेतूनच काढायचा हा वायू, आणि तुलनेने स्वस्त.

या पदार्थाची एक पट्टी डोळ्यांसमोर आणा. बोटभर रुंद, जेमतेम कागदाइतकी जाड, आणि तिचं बरंचसं अंग साध्या मिश्रधातूचं. अतिवाहक थर केसाहूनही कितीतरी पातळ, वर चांदीचा मुलामा. ठराविक मर्यादेपर्यंत करंट तिच्यातून जवळजवळ बिनविरोध जातो. मर्यादा ओलांडली की अतिवाहकता मोडते, रोध उभा राहतो आणि पहिला तडाखा शिखर गाठण्याआधीच दबतो. सेन्सर नको, हुकूम नको. करंट वाढताच अतिवाहकता सुटणं हा या पदार्थाचा दोष समजला जातो. मला त्याच दोषाचा असा उपयोग करून घेणं ही या यंत्रातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. मात्र पट्टी क्षणात तापते, म्हणून मागोमाग ब्रेकरने मार्ग तोडावाच लागतो. पट्टी पुन्हा गार झाली की लिमिटर तयार.

एसेनमध्ये या लिमिटरच्या जोडीला सुमारे एक किलोमीटरची अतिवाहक केबल होती. शहराच्या मध्यवस्तीतून ४० मेगावॉट वीज न्यायला एरवी ११० केव्हीची केबल लागली असती; इथे ते काम १० केव्हीवर झालं. वीज कंपनी आरडब्ल्यूई, केबल कंपनी नेक्सान्स आणि कार्ल्सरुहची तंत्रसंस्था यांचा हा प्रकल्प. लिमिटर पाठीशी असल्यामुळे केबलला फॉल्टचा पूर्ण भार सोसायची गरज उरली नाही.

खर्च अजून मोठा आहे आणि शीतकरण एक दिवसही बंद ठेवता येत नाही. त्यामुळे हे यंत्र प्रत्येक फीडरवर दिसणार नाही. पण जुनं शहर, वाढता भार, सबस्टेशनात इंचभर जागा नाही आणि ब्रेकरची क्षमता संपत आलेली, अशा ठिकाणी सगळं स्विचगियर उपटून नवं बसवण्यापेक्षा हा मार्ग शहाणपणाचा आहे. मॉस्कोच्या म्नेव्निकी सबस्टेशनात २०१९ साली तो थेट २२० केव्हीवर वापरात आला.