घरच्या हातांची रोजी
वहीतलं अर्थशास्त्र : लेखांक ७

मागच्या आठवड्यात आपण जमा आणि नावे वेगळं मांडायला शिकलो. आज एकच गणित दोनदा सोडवू.

गणित बालाघाट जिल्ह्यातल्या लालबर्रा तहसिलीतल्या एका बांधीचं आहे. एक एकर धान, उतारा १६ क्विंटल. भाव २०२४-२५ च्या खरिपातला साधारण धानाचा हमीभाव, २,३०० रुपये. बाकीचे आकडे सरावापुरते घेतले आहेत; त्यांच्या जागी तुम्ही तुमचे घाला.

पहिली रीत वहीची. जमा ३६,८००. बियाणं, खत-औषध, चिखलणी, मजुरांची रोवणी, कापणी, मळणी, गाडीभाडं मिळून खिशातून गेले २०,०००. नफा १६,८००.

आता बांधीत उतरू. पऱ्हे उपटून, पेंढ्या बांधून, चिखलात वाकून मागे मागे सरकत रोवणाऱ्या बायांच्या रांगेत घरची सूनही असते. तिच्या शेजारी रोवणाऱ्या बाईची रोजी संध्याकाळी वहीत चढते. सुनेची चढत नाही. चिखल दोघींना सारखाच, पाठही सारखीच धरते.

म्हणून दुसरी रीत. हंगामभरात घरच्या माणसांचे ३० दिवस लागले. ३०० रुपये रोजीने ते ९,००० झाले. जमीन ठेक्याने दिली असती तर ६,००० आले असते, तेही धरा. पंपात अडकलेल्या घरच्या पैशाचं व्याज ८००. एकूण खर्च ३५,८००. उरले फक्त १,०००.

पहिल्या उत्तराला हिशेबातला नफा म्हणतात, दुसऱ्याला आर्थिक नफा. हमीभावाचा वादही इथेच आहे. खिशातला खर्च म्हणजे ‘ए-टू’. त्यात घरची मजुरी मिळवली की ‘ए-टू अधिक एफ-एल’. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचं व्याजही धरलं की ‘सी-टू’. २०२४-२५ साठी धानाचा ‘ए-टू अधिक एफ-एल’ हा मधला खर्च क्विंटलमागे १,५३३ रुपये धरला गेला. त्याची दीडपट म्हणजे २,३००. शेतकरी संघटना दीडपट मागतात ती ‘सी-टू’ची. आपल्या गणितात मधला खर्च क्विंटलला साधारण १,८१३ येतो आणि ‘सी-टू’ २,२३८. दोन्हींची दीडपट काढून पाहा, म्हणजे भांडण किती रुपयांचं आहे ते दिसेल.

आता समजा, पैशाची नड होती म्हणून धान खरेदी केंद्रावर न नेता व्यापाऱ्याला १,९०० ने दिलं. जमा ३०,४००. वही अजूनही १०,४०० नफा दाखवते, म्हणून घरात कुणाला काही खटकत नाही. पण खिशातला खर्च, खंड आणि व्याज वजा करा. उरतात ३,६००. ते ३० दिवसांवर वाटले तर दिवसाला १२० रुपये पडतात. भाव पडला तेव्हा तोटा झालाच होता. तो सुनेच्या रोजीतून भरून निघाला, एवढंच. तिचं नाव वहीत नव्हतं, म्हणून कुणाला कळलं नाही.

या आठवड्यात वहीत एक रकाना वाढवा : ‘घरचे दिवस’. कोण किती दिवस राबलं ते नावानिशी लिहा.

सरावासाठी : पाऊस दगा देऊन गेला, उतारा १२ क्विंटलच आला. भाव २,३०० मिळाला, खर्च तोच. घरच्या माणसाला दिवसाला किती रुपये पडले?

पुढच्या लेखांकात : २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालेला बालाघाटचा सुवासिक चिन्नोर तांदूळ. उतारा कमी, भाव जास्त. मग बांधीत काय लावावं?