टीव्हीतील ‘मुंग्या’ आणि घरातील वीज

मिक्सर सुरू झाला की शेजारच्या टीव्हीवर पांढरे ठिपके नाचत आणि त्यावरून दोन घरांत बोलाचाली होई. मोशी-भोसरी भागातील जुन्या मंडळींना हे आठवत असेल. सिंहगडावरील सहक्षेपण केंद्र १९७३ साली सुरू झाले. तेथून छपरावरच्या अँटेनापर्यंत येणारा संदेश इतका क्षीण असे की, जवळची लहानशी ठिणगीही त्यावर मात करी. हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८८७-८८ मध्ये विद्युतचुंबकीय लहरी निर्माण केल्या त्या ठिणगीतूनच. ठिणगी एका ठराविक लहरीवर बोलत नाही, सगळीकडे ओरडते.

त्या काळी पडदाच चोर दाखवी. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणजे तिचा जोर सेकंदात १०० वेळा शिगेला पोहोचतो. पडदा ५० वेळा रंगवला जाई. म्हणून दोन आडवे पट्टे हळूहळू सरकताना दिसले, तर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर किंवा ठिणगी पाडणारा सैल जोड समजावा. वेडेवाकडे ठिपके आले तर कार्बन ब्रशची मोटर, म्हणजे मिक्सर वा ड्रिल.

आता डिजिटल चित्रात मुंग्या येत नाहीत. चित्र चौकोनांत फुटते वा थिजते. डीटीएचवर असे झाल्यास आधी छत्रीची दिशा व केबलचे कनेक्टर पाहावेत, कारण घरातील ठिणग्या त्या उच्च लहरींना क्वचितच त्रास देतात. केबल टीव्हीच्या सैल जोडातून मात्र व्यत्यय आत शिरतो.

शोधाचे उत्तम साधन अजूनही सेलवर चालणारा जुना ट्रान्झिस्टर! मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांमधील रिकाम्या जागी काटा ठेवावा. खरखर ऐकू आली की मेन स्विच बंद करावा. ती थांबली तर दोष आपल्याच घरात. मग एकेक एमसीबी चालू करावा, नंतर त्या खोलीतील एकेक वस्तू. बहुधा स्वस्त एलईडी दिवा वा मोबाईलचा चार्जर सापडतो. वस्तू सापडली तर बदलता येते. पण सगळे प्लग काढूनही खरखर राहिली, बोर्ड गरम लागला वा जळका वास आला, तर प्रश्न टीव्हीचा राहिलेला नाही. सैल जोडाने आग लागते. मेन बंद ठेवून वायरमनलाच बोलवावे. विद्यार्थ्यांनी बोर्ड उघडू नये, ही आमची आग्रहाची विनंती.

मेन बंद करूनही खरखर चालूच राहिली, तर दोष बाहेरचा. ट्रान्झिस्टर आडवा फिरवावा. आतील फेराइट कांडीचे टोक उगमाकडे वळले की आवाज मंदावतो. दोन-तीन ठिकाणांहून ही दिशा पाहिली की उगमाचा अंदाज येतो. मात्र तारांजवळ ही खूण फसवी ठरते. आठवडाभर वेळा वहीत टिपाव्यात. कामाच्या वेळेतच खरखर येत असेल तर जवळच्या वर्कशॉपातील वेल्डिंग. पावसाच्या सरीनंतर वाढत वा थांबत असेल तर खांबावरील इन्सुलेटरचा संशय घ्यावा. खांबाला हात न लावता त्याचा क्रमांक व टिपलेल्या वेळा महावितरणला लेखी कळवाव्यात.