सभासदांची खास क्रूझ : जादा पैसे नेमके कशाचे?

गेल्या काही आठवड्यांत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली आहे. ‘फक्त सभासदांसाठी’ म्हणून संगीत क्रूझ, योग क्रूझ, ज्येष्ठांची क्रूझ अशा सहली निघतात. जहाज तेच, समुद्र तोच, मग भाडं दीडपट का? आणि ते द्यावं का? विचारणाऱ्यांत नोएडातल्या आमच्या सोसायटीतल्या एक वहिनीही आहेत. यजमान तोफखान्यातले, माझ्याच वयाचे, तीन वर्षांपूर्वी गेले. वहिनींना गाण्याचं वेड. फॅमिली पेन्शनमध्ये नीट भागतं, पण उधळायला पैसा नाही. त्यांच्यासाठी कागदावर जो हिशेब मांडला, तोच आज तुमच्यासमोर ठेवतो.

आधी ‘खास’ क्रूझचे दोन प्रकार ओळखायला शिका. पहिल्या प्रकारात आयोजक सबंध जहाज भाड्याने घेतो. लग्नासाठी आख्खं मंगल कार्यालय घ्यावं तसं. मग कोणत्या मजल्यावर काय वाजणार, जेवण कधी, मैफल किती वाजता, सगळं त्याच्या हातात. अमेरिकेत ‘द जॅझ क्रूझ’ २००१ पासून अशीच चालते. फ्लोरिडाहून २०११ पासून निघणारी ‘७०००० टन्स ऑफ मेटल’ ही हेवी मेटलवाल्यांची क्रूझही तशीच. (ते संगीत मला सोसत नाही, पण त्यांची व्यवस्था नावाजण्यासारखी आहे.)

दुसरा प्रकार म्हणजे हॉटेलात चार टेबलं राखून ठेवणं. आयोजक मोठ्या जहाजावर चाळीस-पन्नास केबिन एकगठ्ठा घेतो आणि त्यावर आपली पाटी लावतो. मुंबईहून सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलियाचं ‘एम्प्रेस’ सुरू झालं, त्याचंच उदाहरण घ्या. हे जहाज १९९० सालचं, आधी रॉयल कॅरिबियनकडे होतं. त्यात साधारण ८०० केबिन आहेत. त्यातल्या पन्नास तुमच्या गटाच्या असल्या, तर उरलेल्या साडेसातशेंमध्ये सुट्टीवर आलेली कुटुंबं, मित्रांची टोळकी आणि कंपन्यांच्या सहली असणार. जहाजाचं मोठं नाट्यगृह संध्याकाळी जहाजाच्याच कार्यक्रमांना लागतं. तुमच्या मैफलीला मग एखादा छोटा हॉल मिळतो, तोही दुपारी जेवणानंतर किंवा रात्री उशिरा. डेकवर डीजे चालूच. जाहिरातीत हे कोणी लिहीत नाही, म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा : संपूर्ण जहाज आपलं आहे का? नसेल तर हॉल कोणता आणि वेळ कोणती?

आता पैशांकडे येऊ. केबिन एकगठ्ठा घेणाऱ्याला जहाज कंपनी सवलत देते. शिवाय क्रूझच्या धंद्यात जुना रिवाज आहे, साधारण सोळा प्रवाशांमागे एक जागा आयोजकाला फुकट. शंभर प्रवासी नेणाऱ्याला सहा जागा सुटतात. त्यांतच बहुधा गायक, तबलजी आणि निवेदक बसतात. यात गैर काही नाही. पण ‘कलाकारांच्या प्रवासखर्चामुळे दर वाढला’ असं कोणी सांगितलं, तर तो अर्धाच खुलासा समजा. कलाकाराचं मानधन मात्र खरा खर्च आहे आणि तो द्यायलाच हवा.

तुलना करताना लोक मुळातच घोळ करतात. एका बाजूला संकेतस्थळावरचं ‘पासून सुरू’ असलेलं भाडं धरतात, दुसऱ्या बाजूला पॅकेजची पूर्ण रक्कम. तसं नको. तेच जहाज, तोच केबिनचा वर्ग, त्याच हंगामातली तारीख घ्या. मग दोन्हीकडे बंदरशुल्क, सेवाशुल्क आणि जीएसटी मिळवा. परदेशी जहाजांवर टीप म्हणून माणशी रोजचे १५ ते २० डॉलर सहज जातात, तेही धरा. समजा, तीन रात्रींची साधी सफर सगळं धरून माणशी ४५,००० रुपये पडते. खास गटाची ७२,०००, वर सभासदत्वाचे ६,०००. फरक ३३,००० झाला. पहिला दिवस चढण्यात आणि सुरक्षेच्या कवायतीत जातो, शेवटच्या दिवशी सकाळीच उतरायचं. मध्ये गाण्याचे खरे तास दहाच्या आसपास. म्हणजे तासाला ३,३०० रुपये.

तासाला ३,३०० देऊन गाणं ऐकायचं का? नुसतं ऐकायचंच असेल, तर अजिबात नाही. आम्ही दिल्लीकर या बाबतीत भाग्यवान आहोत. पलुस्करांची परंपरा सांगणारं इथलं गांधर्व महाविद्यालय १९३९ पासून उभं आहे. मंडी हाऊसच्या आसपास हिवाळाभर मैफली चालतात, कित्येकांना प्रवेश मोफत. पुण्यामुंबईच्या मंडळींना तर सांगायलाच नको.

मग उरतं काय? सोबत. तिची किंमत शून्य आहे असं मात्र मी म्हणणार नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीत तालकटोऱ्याला ९८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हा पुण्याहून साहित्यप्रेमींची एक विशेष रेल्वे आली. तिला महादजी शिंदे यांचं नाव दिलं होतं. गाडीतच फिरतं संमेलन भरलं. रूळ नेहमीचे, डबे नेहमीचे, बर्थ काही रुंद झाले नव्हते. पण समोरच्या बाकावरचा अनोळखी माणूसही आपल्याच वेडाचा आहे, हे तिकिटावर न छापलेलं सुख त्या प्रवासात होतं. समुद्रावर ते जास्तच जाणवतं, कारण तिथे उठून घरी जाता येत नाही. नाश्त्याला शेजारी गायिका बसली आणि सकाळच्या रागावर अर्धा तास गप्पा झाल्या, हे कमानी सभागृहात मिळत नाही.

दिल्लीकडच्यांना आणखी एक खर्च असतो. आपल्याकडे समुद्र नाही, त्यामुळे विमान धरायचं. डिसेंबर-जानेवारीत इथलं धुकं विमान कधी अडवेल सांगता येत नाही, आणि जहाज कोणासाठी थांबत नाही. आदल्या दिवशीच मुंबई गाठा आणि हॉटेलचे पैसे दोन्ही हिशेबांत धरा. प्रवास विम्यात जुने आजार लपवू नका. जहाजावरच्या दवाखान्यात ईसीएचएसचं कार्ड चालत नाही.

सभासदत्वाबद्दल मी जरा कडक बोलतो. हॉटेलात ‘भाग्यवान जोडपं’ म्हणून बोलावून, चहा-समोसे देऊन, त्याच दिवशी सही करायला लावणारे लोक एनसीआरमध्ये खूप आहेत. ‘आजच्या आज’ हे शब्द ऐकले की मी टोपी घालून उठतो. सभासदत्व किती वर्षांचं, सफर रद्द झाली तर कोणते पैसे परत आणि किती दिवसांत, हे लेखी घ्या. पैसे व्यक्तीच्या खात्यात नाही, संस्थेच्या खात्यात भरा. आणि गट लहान असेल तर जहाज कंपनीचा बुकिंग क्रमांक स्वतःच्या नावावर मागा. तो मिळाला की कंपनीला थेट फोन करून खात्री करता येते. टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा. फसवणूक झालीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

आता वहिनींचा हिशेब. त्यात एक गंमत निघाली. क्रूझचे दर दोघांत एक केबिन धरून असतात. एकट्या माणसाला साध्या सफरीत जवळजवळ दुप्पट भाडं पडतं, म्हणजे वरच्या उदाहरणात ८०,००० च्या आसपास. खास गटात आयोजक सोबतीण जोडून देतो, म्हणून त्यांना ७२,००० आणि ६,००० मिळून ७८,००० पडतात. नवरा-बायकोला जी सफर ६६,००० रुपयांनी महाग, तीच वहिनींना उलट थोडी स्वस्त! जोडप्यांना मी सांगेन, सबंध जहाज गटाचं असेल आणि छंद खरोखर दोघांचा असेल तरच जा. नाहीतर साधी सफर करा आणि उरलेल्या पैशांत पुण्याला सवाई गंधर्व ऐकून या. एकट्यांचं गणित वेगळं आहे, त्यांनी ते वेगळंच मांडावं.

वहिनींनी आयोजकाला हॉल आणि वेळ लेखी कळवायला सांगितलं आहे. सोबतीण ऐनवेळी गळाली तर वाढीव भाडं कोण भरणार, हेही विचारलं आहे. तिसरा प्रश्न त्यांचा स्वतःचा : पहाटे पाचला रियाजाला बसलेलं त्या सोबतिणीला चालेल का? उत्तर अजून आलेलं नाही.