गटप्रमुखांनो, निरोप नीट पोचतोय ना?



अंधेरी, घाटकोपरला आपली भाजी उतरवताना डबेवाले दिसतातच. त्यातले बरेच मावळ, खेड, जुन्नरकडचे, म्हणजे शेतकऱ्यांच्याच घरातले. 1890 मध्ये महादेव हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केलं. त्यांच्या गटाचा मुकादम नुसता हुकूम सोडत नाही, स्वतःही डबे उचलतो, भांडण झालं तर दोघांचं ऐकून मिटवतो. डब्याच्या झाकणावर कुठलं स्टेशन, कुठली बिल्डिंग, कितवा मजला हे खुणेनं लिहिलेलं असतं. कुणाला विचारत बसावं लागत नाही.

आपल्याकडे काय होतं? "उद्या मेथी लवकर आणा" एवढंच ग्रुपवर पडतं. लवकर म्हणजे कुणाला पहाटे 4, कुणाला सकाळी 8. मागच्या महिन्यात याच गोंधळात बोरिवलीची गाडी निघून गेली आणि चौघांची मेथी केंद्रावरच पिवळी पडली. चूक त्यांची नव्हती, आमच्या निरोपाची होती.

म्हणून गटप्रमुखांनी कोणता माल, किती जुड्या, किती वाजता आणि कुठे, हे लिहायचंच. उत्तर न आलेल्यांना संध्याकाळी फोन करा; निळी टिक म्हणजे होकार नव्हे. माल परत आला तर कारण त्या शेतकऱ्याला एकट्याला सांगा. ग्रुपवर फोटो टाकला की माणूस दुखावतो, आणि पुढच्या वेळी खराब जुडी क्रेटच्या तळाला जाते.

सभासदांनो, निरोप कळला नाही तर बिनधास्त परत विचारा. शनिवारच्या मुलुंड गाडीचा निरोप शुक्रवारी दुपारी 3 पर्यंत येईल.