दोष यंत्राचा नव्हता

कविता ऐन रंगात यावी आणि दिवे जावेत, हा अनुभव आमच्या पिढीला नवा नाही. पण गेल्या पावसाळ्यात घरातले दिवे चालू असायचे आणि माझ्या लॅपटॉपचा पडदा तेवढा काळा व्हायचा. बटण दाबले की उजेड. दोन ओळी झाल्या की पुन्हा अंधार. दुरुस्तीवाल्याने यंत्र दोन दिवस ठेवून घेतले. त्याच्याकडे ते बिनतक्रार चालले. तरीही ‘मदरबोर्ड बदलून बघू’ असा सल्ला मिळालाच. खर्चाचा आकडा ऐकून मी यंत्र परत आणले.

खरा रोग मुलीने ओळखला. लिहिताना मी फोन लॅपटॉपच्या कडेवर, मनगटापाशी ठेवत असे. तिने तो उचलला, पडदा उजळला. पुन्हा ठेवला, पडदा विझला. “अब्बा, बिघाड लॅपटॉपमध्ये नाही, तुमच्या फोनच्या कव्हरमध्ये आहे,” ती म्हणाली.

कव्हर पुस्तकासारखे उघडणारे. त्याची झडप मिटून राहावी म्हणून आत छोटे लोहचुंबक बसवलेले असते. मी बी.ए. झालेला माणूस, विज्ञान शाळेतच सुटले. मुलीने समजावले ते असे. बऱ्याच लॅपटॉपच्या झाकणातही एक चुंबक असतो आणि खालच्या भागात तो ओळखणारा संवेदक. झाकण मिटले की चुंबक जवळ येतो आणि यंत्र झोपी जाते. चुंबक झाकणातला की कव्हरमधला, हे त्या बिचाऱ्याला कळत नाही. या संवेदकामागचे तत्त्व एडविन हॉल या अमेरिकन विद्यार्थ्याने १८७९ साली सोन्याच्या पातळ पत्र्यावर प्रयोग करताना शोधले.

मग आणखी एक कोडे सुटले. प्रवासात नमाजाची दिशा पाहायला मी फोनमधले होकायंत्र उघडतो, तेव्हा ते कधी कधी भलतीकडेच बोट दाखवी. पृथ्वीचे चुंबकत्व फार क्षीण. शेजारी कव्हरमधला चुंबक असला की त्याचीच सरशी होते.

इथवर हसून सोडून देता येते. पण मला आठवले, थोरल्या भाईजानच्या छातीत डिफिब्रिलेटर बसवला आहे आणि त्यांचा फोन सदऱ्याच्या वरच्या खिशात असतो. हृदयाचे ठोके घातक रीतीने बिघडले तर हे उपकरण विजेचा झटका देऊन ते ताळ्यावर आणते. गरज पडल्यास डॉक्टरांना झटका थांबवता यावा म्हणून तेही चुंबक ओळखते. २०२१च्या जानेवारीत अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ‘हार्ट ऱ्हिदम’ या नियतकालिकात नोंदवले की, चुंबक असलेला आयफोन १२ छातीजवळ नेताच एका रुग्णाचे असे उपकरण झटका देण्याचे काम थांबवून बसले. फोन दूर केल्यावर ते पूर्ववत झाले. स्वतः अ‍ॅपल कंपनीही असा फोन आणि त्याची चुंबकी साधने १५ सेंटीमीटरहून दूर, आणि बिनतारी चार्जिंग चालू असताना ३० सेंटीमीटरहून दूर ठेवायला सांगते.

मी त्याच रात्री भाईजानना फोन केला. आता त्यांचा फोन पिशवीत असतो.

तेव्हा यंत्र रुसले तर दुकान गाठण्याआधी त्याच्या शेजारी काय ठेवले आहे, ते पाहा. आणि घरात कुणाच्या छातीत असे उपकरण असेल, तर आजच त्याचा खिसा तपासा.